इकडं बघून बोला

माझा आवाज गेला तेव्हा उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका दिवसात काही गेला नाही. उन्हाळ्यापासून घसा बसलेला होता. मी हळद-दूध प्यायचो, ज्येष्ठमध चघळायचो आणि यार्डात धूळच एवढी, त्यानं होत असेल, अशी स्वतःची समजूत घालायचो. तीस-बत्तीस वर्षं मी मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारले. गोण्यांच्या थप्पीवर उभं राहायचं आणि शंभर-दीडशे माणसांच्या गलक्यात अगदी मागं उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही ऐकू जाईल असा भाव पुकारायचा, हेच माझं काम. घसा बसणं आम्हाला नवीन नव्हतं. दोन दिवसांत सुटायचा. या वेळी सुटला नाही.

दिवाळीनंतर नगरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढली, तपासायला पाठवली, आणि रिपोर्ट आल्यावर मला समोर बसवून सांगितलं, "काका, वेळेत आलात. पण शेक घ्यावे लागतील, रेडिएशनचे. तेहतीस. शनिवार-रविवार सोडून रोज एक."

"आणि आवाज?" मी विचारलं. म्हणजे नुसते ओठ हलवले आणि थोडी हवा बाहेर आली.

"येईल थोडाफार. पहिल्यासारखा नाही."

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, इकडंच या, इथं शेक घेऊ. मी नको म्हटलं. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, दोघंही सकाळी कामाला जाणारी. तिथं दिवसभर मुक्यानं बसण्यापेक्षा राहुरीजवळच्या देवळालीतल्या आपल्या घरात मुक्यानं बसलेलं बरं, असा हिशेब मी केला. बायकोला जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. तिच्या मागं घरात तसंही बोलणं कुणाशी होतं? पण बोलता येत असून न बोलणं वेगळं आणि बोलताच न येणं वेगळं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिल्या महिन्यात मला एक गंमत कळली. मी कुजबुजत बोललो की समोरचा माणूसही कुजबुजायला लागतो. दूधवाला, जो एरवी गल्लीच्या टोकापासून हाळी देत यायचा, तो माझ्या दारात येऊन कानात सांगितल्यासारखं म्हणायचा, "अर्धा लिटर का एक?" किराणा दुकानदाराचं उलटं. तो माझ्यावर ओरडायचा, मी जणू बहिराच आहे. मुलाचा फोन आला की मी दोन वाक्यं बोलायचो, पलीकडून तो म्हणायचा, "बाबा, काहीच ऐकू येत नाही, मेसेज करा ना." मग मी मेसेज टाकायचो, 'बरं आहे. जेवलो.' रोज तेच. पुढं पुढं मी फोन उचलणंच सोडलं, नुसता मेसेज टाकायचो. ओळखीची माणसं सुरुवातीला थांबायची, पण दोनदा 'काय?' म्हणून झालं की तिसऱ्यांदा विचारायला त्यांना संकोच वाटायचा, आणि ती हसून मान डोलावून पुढं जायची. त्यांचा दोष नव्हता. मी स्वतः दुसरं काय केलं असतं?

अशा दिवसांत मी रोज नगरला जायला लागलो. सकाळी सव्वाआठच्या सुमाराला कारखान्याच्या फाट्यावर नगरची लाल गाडी मिळायची. तिच्यावर एक कंडक्टर बाई होती. चाळिशीची असेल. खाकी कपडे, केस घट्ट बांधलेले, कपाळावर कायम आठी. आवाज असा, की गाडी फाट्यावर यायच्या आधी बाई यायची. "पुढं सरका! दारात कोन उभं राहिलंय, घर हाय का तुमचं?" मी आयुष्यभर मोठ्या आवाजाचीच भाकरी खाल्ली, पण हा आवाज माझ्या अंगावर यायचा.

पहिल्या दिवशी ती माझ्या सीटजवळ आली. मी म्हणालो, "नगर."

"काय?"

"नगर, एक."

"ओ बाबा, जरा मोठ्यानं बोला ना! मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?"

गाडीतले आठ-दहा जण हसले. मी घशाकडं बोट दाखवलं, पण तोवर तिची नजर तिकिटाच्या मशीनवर गेली होती. मागून कुणीतरी सांगितलं, "नगर म्हंत्यात ते." तिनं तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढं गेली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि ते हसणं माझ्या कानातून काही जात नव्हतं.

मी माणसं आवाजावरून जोखायचो. बोली लावणारा व्यापारी खरंच माल उचलणार आहे की उगाच भाव चढवतोय, हे त्याच्या पहिल्या शब्दावरून मला कळायचं. निदान मला तसं वाटायचं. त्या दिवशी मी त्या बाईचाही निकाल लावून टाकला. हिच्या घरात कुणी सुखानं दोन घास खात नसेल, असं मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी लिहून नेली. 'नगर. एक. ज्येष्ठ नागरिक. घशाचं ऑपरेशन झालं आहे, बोलता येत नाही.' तिनं चिठ्ठी वाचली. थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग घडी करून मला परत दिली.

"लिहून आनायची गरज न्हाई. इकडं बघून बोला. माझ्याकडं बघून बोलायचं."

मला वाटलं, काय हा ताठा! तिकीट मागतानाही साहेबासमोर उभं राहिल्यासारखं मान वर करून मागायचं? पण वाद घालायला आवाज कुठं होता? मी तिच्याकडं बघून ओठ हलवले. तिनं तिकीट दिलं.

पुढच्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ती हे सगळ्यांनाच म्हणते. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईनं पदराआडून काहीतरी विचारलं, तर ही ओरडली, "पदर काढ तोंडावरचा, इकडं बघून बोल!" ती बिचारी घाबरून गप्पच झाली. मागच्या बाकावरून कुणी "ओ मॅडम, सुट्टे" म्हणून हाका मारल्या, तर ही वळायचीसुद्धा नाही. लोक म्हणायचे, माज आहे. मलाही तेच वाटायचं.

मग एका सकाळी मला फाट्यावर पोचायला उशीर झाला. रात्रभर खोकून पहाटे डोळा लागला होता. मी रस्ता ओलांडेपर्यंत गाडी हलायला लागली होती. दार बंद, थंडीमुळं सगळ्या काचा बंद. ती खिडकीपाशी उभी होती. मी रस्त्याच्या मधोमध हात वर करून म्हणालो, "थांबा, मी आहे." म्हणजे ओठच हलले. ट्रॅक्टरवर गाणी जोरात चालू होती, कुणाला काय ऐकू येणार होतं! पण तिनं घंटी मारली. गाडी थांबली.

मी धापा टाकत चढलो. ती म्हणाली, "पळायचं कशाला? 'मी हाय' म्हनालात, ते कळलं मला."

मी सीटवर बसलो आणि विचार करत राहिलो. हात पाहून थांबली असेल, हे ठीक. पण 'मी आहे' हे शब्द तिला कसे कळले?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहिलं. ती चार सीट पुढं होती आणि माझ्याकडं तोंड करून उभी होती. घशातून जराही हवा न सोडता मी नुसत्या ओठांनी म्हणालो, "आज थंडी फार आहे."

"थंडी लई हाय, मग सोटर घालावा का न्हाई मानसानं?" ती तिथूनच म्हणाली.

गाडीतली माणसं इकडंतिकडं बघायला लागली, ही कुणाशी बोलतेय म्हणून. दोन-अडीच महिन्यांत माझं एकही वाक्य कुणी 'काय?' न म्हणता ऐकलं नव्हतं. हे पहिलं. माझे डोळे भरून आले, आणि थंड हवेनं पाणी आलंय असं दाखवायला मी रुमाल काढला.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. फार नाही. तिला गाडीभर तिकिटं फाडायची असायची. पण राहुरी सोडली की विद्यापीठ येईपर्यंत तिला थोडी उसंत मिळायची, तेव्हा ती समोरच्या सीटच्या दांडीला टेकून उभी राहायची आणि मी बोलायचो. मी तिला यार्डाबद्दल सांगितलं. लिलाव कसा पुकारतात, ते ओठांनी करून दाखवलं, तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसली. बायकोबद्दल सांगितलं. माझी बायको सारखी म्हणायची, घरात तरी हळू बोला, मी काही कांदा घ्यायला आलेले नाही. हे मी तिच्यामागं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात आहे असंही वाटलं नव्हतं. ती कंडक्टर बाई माझ्या तोंडाकडं बघत शेवटच्या शब्दापर्यंत थांबायची. एवढं लक्ष देऊन माझं बोलणं, आवाज होता तेव्हाही, भाव सोडला तर कुणी ऐकलं नसेल.

तिसऱ्या आठवड्यात शेकांनी घसा आतून सोलून निघाला. थुंकी गिळायलासुद्धा कापल्यासारखं व्हायचं. तिनं विचारलं, "जेवला का?"

"घास उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "तांदळाची पेज हाय. तूप घातलंय. पार निवू द्या, मग प्या. अन् डबा उद्या रिकामा पायजे मला!" हे ती नेहमीच्या आवाजात बोलली, त्यामुळं सगळ्या गाडीला कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उभाच होतो, म्हणून समोरच्या सीटवरच्या तरण्या माणसाला तिनं दरडावून उठवलं, "पेशंट हाय, दिसत न्हाई का?" आणि मला तिथं बसवलं. मी मान खाली घालून बसलो.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये नंबर येईपर्यंत मी ती पेज चमच्या-चमच्यानं प्यालो. मीठ अगदी बेतानं घातलं होतं, घशाला झोंबू नये इतकं. मला वाटलं होतं, एक दिवसाची दया असेल. पण ती रोज डबा आणायची आणि मी रोज धुऊन परत द्यायचो. आभार मानले तर म्हणायची, "सासऱ्याला असंच करून घालत हुते मी. सवय हाय हाताला."

शेक विसाव्याच्या आसपास होते, तेव्हाची गोष्ट. गाडी राहुरी स्टँडवर थांबली होती. माझं तोंड सारखं कोरडं पडायचं, म्हणून मी चूळ भरायला नळावर उतरलो. हातात डबा होता. परत येताना पाहिलं, तर ड्रायव्हर गाडी मागं घेत होता. बाई गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर उभी राहून हातानं इशारा करत होती, 'येऊ द्या, येऊ द्या'. आणि उजव्या बाजूला, गाडीच्या मागं, एक म्हातारी खाली बसून आपलं गाठोडं बांधत होती. तिचं गाडीकडं लक्षच नव्हतं.

दोन-तीन माणसं ओरडली, "ओ मॅडम! थांबवा! म्हातारी हाय मागं!" ती अगदी दहा पावलांवरून ओरडत होती. बाईनं मानही वळवली नाही. तिचा हात तसाच हलत होता. मी ओरडायला तोंड उघडलं. पूर्वी मी यार्डाच्या एका टोकावरून ओरडलो तर दुसऱ्या टोकावरचा हमाल थबकायचा. आता तोंडातून काही म्हणजे काही निघालं नाही. मी धावलो आणि हातातला डबा गाडीच्या पत्र्यावर जोरजोरात आपटला. झाकण उडालं, पेज अंगावर सांडली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. म्हातारी आणि गाडी यांच्यात दोन हात अंतर होतं.

लोक जमले. म्हातारीला उठवलं, तिला खरचटलंही नव्हतं. मग सगळे बाईवर तुटून पडले. "कान फुटलेत का तुझे? बोंबलून मेलो आम्ही!" तीही त्यांच्यावर दुप्पट ओरडली, "गाडीच्या मागं बसायची जागा हाय का ती?" भांडण मिटलं, गाडी सुटली. पण तिकिटं फाडून झाल्यावर ती नेहमीसारखी माझ्यासमोर दांडीला टेकून उभी राहिली नाही.

नगरला सगळे उतरले. ड्रायव्हर चहाला गेला. मी उठलो नाही. ती येऊन माझ्या पलीकडच्या सीटवर बसली.

"तुमाला कळलंय ना?" तिनं विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला होता, इतका खाली, की मलाच वाकून ऐकावं लागलं.

मी मान डोलावली.

"डावा कान तीन वर्षं झाली, पार गेला. उजव्यानं थोडं येतं. गाडी चालू असली की त्येबी न्हाई. लोकांची तोंडं बघून समजून घेते." "मी वरडते म्हंत्यात सगळे. घरी पोरीबी म्हंत्यात, आई, हळू बोल. मला माझाच आवाज कळत न्हाई हो, बाबा. किती मोठा झाला न् किती बारीक."

"दाखवलं नाही कुणाला?"

"दाखवून? कागदावर आलं की खाली उतरवतील गाडीवरून. मालक गेल्यावर त्यांच्या जागी लागलेय मी. दोन पोरी शिकत्यात. कुनाला सांगू?"

मी म्हणालो, "मी ज्या दवाखान्यात जातो, तिथंच वरच्या मजल्यावर कानाचे डॉक्टर आहेत. एकदा चला. आज त्या म्हातारीचं..."

मी पुढचं बोलायच्या आत ती ताडकन उठली. "तुमी तुमचं बघा, बाबा. तुमचा घसा बघा. आमचं आमी बघू."

त्यानंतर सहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्यापुढं आली की मशीनकडं बघूनच तिकीट द्यायची. माझ्या तोंडाकडं तिनं पाहिलं नाही, म्हणजे मला बोलायला जागाच उरली नाही. डबाही बंद झाला. आधी एकटं राहणं मला अंगवळणी पडलं होतं. आता चार दिवस कुणीतरी ऐकल्यावर ते पुन्हा अंगवळणी पडेना. संध्याकाळी घरी आलो की टीव्ही लावायचो आणि त्याच्या समोर बसून, आपण हे बोलायला नको होतं, असं स्वतःशी घोकायचो. कधी वाटायचं, नाही, बोललो तेच बरं केलं. गाडी दोन हात पुढं गेली असती तर?

सातव्या दिवशी तिची सुट्टी असावी, गाडीवर दुसराच माणूस होता. मी दवाखान्यात गेलो, शेक घेतला आणि बाहेर आलो, तर केसपेपरच्या खिडकीजवळ एक बाई उभी होती. फिकट निळी साडी, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. मी तिच्यासमोरून निघून गेलो असतो. तिनंच माझी बाही धरली.

"कुठल्या मजल्यावर हाय ते?"

खाकी कपड्यांशिवाय ती एवढीशी दिसत होती. गर्दीत कुणाला धक्का लागला तर स्वतःच बाजूला सरत होती. मी तिचा केसपेपर काढला आणि तिला वर घेऊन गेलो.

कानाच्या तपासणीला तिथं काचेची एक लहानशी खोली आहे. पेशंटला आत बसवतात, कानावर यंत्र लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. बाहेर एक मुलगी आवाज सोडत होती. मी तिच्या मागं बाकावर बसलो होतो, मला काचेतून सगळं दिसत होतं. बाईनं तीन-चार वेळा भराभर बटण दाबलं. मुलीनं हात थांबवला आणि माइकमध्ये म्हणाली, "मावशी, माझ्या हाताकडं बघू नका. आवाज आला तरच दाबा." ते तिला कळलं की नाही कोण जाणे. शेवटी मुलगी उठून आत गेली आणि तिची खुर्ची भिंतीकडं फिरवली.

आता मला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि मांडीवरचा हात. बटणावर अंगठा टेकवून ती बसली होती. मुलगी आवाज सोडत होती, कागदावर खूण करत होती, पुन्हा सोडत होती. अंगठा हलत नव्हता. मध्येच एकदा हलला, मग बराच वेळ नाही. ताठ बसली होती ती, वर्गात प्रश्न विचारतील म्हणून मूल बसतं तशी. तेवढा वेळ मला माझ्या घशाचा विसर पडला होता.

डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाला आता फारसं काही करता येणार नाही, उजव्याला यंत्र लावलं तर पुष्कळ फरक पडेल. पण गर्दीत, गाडीच्या आवाजात यंत्राचा भरवसा धरू नका. तिनं त्यांच्या तोंडाकडं बघून सगळं समजून घेतलं. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून तिनं मला विचारलं, "डेपोत सांगू का?"

सांगा म्हणणं मला सोपं होतं, घर तिचं चालायचं होतं. पण स्टँडवर खाली बसलेली ती म्हातारी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"सांगा," मी म्हणालो.

ती जिन्याच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचला आणि म्हणाली, "चला. तुमची दुपारची गाडी जाईल."

सोमवारपासून ती गाडीवर दिसली नाही. नवा कंडक्टर सभ्य माणूस होता. हळू बोलायचा, सगळ्यांना 'दादा', 'ताई' म्हणायचा. मी पुन्हा चिठ्ठी खिशात ठेवायला लागलो. त्याला मी एकदा लिहून विचारलं, आधीच्या बाई कुठं आहेत. तो म्हणाला, "घरी बसवलंय म्हणं सध्या. कायतरी मेडिकलचं चाललंय." मला त्या दिवशी पेज मिळाली असती तरी उतरली नसती. उरलेले सहा शेक मी एकट्यानं घेतले. शेवटच्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनं माझ्याशी हात मिळवला, "झालं काका, सुटलात." घरी येऊन मी मुलाला मेसेज टाकला. त्यानं टाळ्यांची चित्रं पाठवली.

दोन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. तोवर हंगाम संपत आला होता, रस्ता मोकळा झाला होता. माझ्या घशातून एक खरखरीत आवाज यायला लागला होता, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. डॉक्टर समाधानी होते. दवाखान्यातून मी स्टँडवर आलो आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला निघालो, तर पासच्या खिडकीच्या आत ती बसलेली. समोर कॉलेजच्या मुलींची रांग. मी रांगेच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिचं लक्ष गेलं. तिनं हातानं 'थांबा' अशी खूण केली आणि रांग संपल्यावर बाहेर आली.

आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. तिच्या उजव्या कानामागं यंत्र होतं, केसांनी झाकलेलं. महिनाभर घरी बसवलं होतं, मग इथं खिडकीवर दिलं, असं तिनं सांगितलं. "बसून बसून कंबार धरतीया. गाडीवर बरं हुतं." मला वाटलं, ती चिडली असेल माझ्यावर, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. ती आता हळू बोलत होती. इतकी हळू, की कपबशांच्या आवाजात मलाच पुढं झुकावं लागलं.

"परवा पोरी आत सैपाक करत हुत्या," ती म्हणाली. "मी भाईर बसलेवते. त्यांचं बोलनं ऐकू आलं मला. उगंच आपलं कायतरी, क्लासचं, मैत्रिनीचं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी उठून आत गेले न्हाई. म्हनलं, चालू दे त्यांचं."

मी म्हणालो, "बरं झालं."

ती चहाचा कप हातात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज आज ऐकला मी. पहिल्यांदा."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. एवढे दिवस आम्ही बोललो, पण माझ्याकडं आवाज नव्हता आणि असता तरी तिला गाडीत तो ऐकू आला नसता.

"कसा आहे?" मी विचारलं.

तिनं क्षणभर मान तिरकी केली. "घोगरा हाय," ती म्हणाली. "पर चांगल्या मानसाचा वाटतो."

मला हसू आलं. हसताना घशात दुखलं. खिडकीशी पुन्हा रांग लागली होती, कुणीतरी काचेवर टकटक करत होतं. तिनं चहा एका घोटात संपवला, पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि "येत जा इकडं आलं की" म्हणून निघून गेली.

मी पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा त्या खिडकीवर दुसरं कुणी होतं. बाईची बदली झाली होती, तिच्या माहेराकडच्या डेपोत, पाथर्डीकडं. मुलींना घेऊन गेली असणार. तिचा फोन नंबर मी कधी घेतला नव्हता. घेऊन तरी काय करणार होतो? फोनवर ना तिला माझं कळलं असतं, ना मला धड बोलता आलं असतं.

मी फलाटावरच्या बाकावर बसलो. राहुरीकडं जाणाऱ्या दोन गाड्या लागल्या, भरल्या आणि सुटल्या. तिसरीत जाऊन बसलो.